माशांच्या कानातले खडे

आमच्या आत्याबाईंनी उभ्या जन्मात माशाचा तुकडा तोंडात घातला नाही, आणि तरी अख्ख्या धारमध्ये त्यांच्याइतकी माशांची डोकी कुणी उकळली नसतील. खाणावळवाल्यांनीसुद्धा नाही. चातुर्मासात आमच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य, आणि मागच्या पडवीत छोट्या शेगडीवर रोहूचं डोकं रटरटतंय. लग्न होऊन मी देवासहून धारला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी हा वास नाकात शिरला. मला वाटलं शेजारच्यांचा स्वैपाक. पदर नाकाला लावून मागे गेले, तर चष्मा कपाळावर चढवून, साडी खोचून, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण चिमट्याने माशाच्या कवटीत काहीतरी शोधत बसलेली. मान वर न करता म्हणाल्या, "ये. भिऊ नकोस, मेलेला आहे."

ह्याच आत्याबाई. नात्याने माझ्या आतेसासूबाई, गावाच्या तोंडी 'मछलीवाली मॅडम'. लग्न केलं नाही, भावाकडे राहिल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कॉलेज जे सुटलं ते पगारापुरतं. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण त्याच्या डोक्यात, मेंदूच्या खाली, दोन्ही बाजूंना पांढरे बारीक खडे असतात. त्यांच्यावर मासा तोल सांभाळतो आणि ऐकतो. आत्याबाई त्यांना कानखडे म्हणत. प्रत्येक जातीच्या माशाचा खडा वेगळ्या घडणीचा. तिलापियाचा जाडसर, तांदळाच्या कणीसारखा, एका बाजूला खाच. रोहूचा चपटा, गोल, कडेला करंजीसारखी मुरड. कुणी मासा खाल्ला, पचवला, मांस गेलं, काटे विरघळले, तरी खडा बहुधा मागे राहतो आणि कुणाला खाल्लं ते सांगतो. हे सगळे खडे त्या हिंगाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत. जातीवार डब्या. घरातला हिंग अर्ध्यावर आला की त्यांची चौकशी सुरू, "किती राहिलाय गं?" आमटीत हिंग जरा जास्त पडला तर त्यांना मनापासून आनंद होई.

पडवी आणि स्वैपाकघर ह्यांच्यामध्ये एक उंबरा होता, आणि त्या उंबऱ्याचा कायदा आत्याबाईंनीच केलेला. पुढची वस्तू मागे गेली की गेली, ती परत पुढे यायची नाही. जुनं पातेलं, खचलेला चमचा, कान तुटलेली वाटी, सगळं मागे जाई आणि त्याला लाल तेलरंगाचा ठिपका लागे. मागचं काम आटोपलं की आंघोळ, मगच देवापुढे बसणं. ह्यात कुणी हसलं तर त्या चिडत. "मला दोन्ही करायचंय, म्हणून मध्ये रेघ मारत्ये. ज्याला एकच करायचंय त्याने हसावं." त्यांची मराठी अशी, आमच्या मुलीला निम्मी कळायची नाही. ती हिंदी शाळेतली. आत्याबाई 'करत्ये, जात्ये' म्हणाल्या की ती माझ्याकडे बघायची, आणि मी म्हणायची, बेटा, सीख ले.

खरं बोलण्याचा ह्या बाईला जवळजवळ आजारच होता. मला पाहायला देवासला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझे बाबा सांगत होते, मुलीला सगळा स्वैपाक येतो. आत्याबाईंनी एकदम मलाच विचारलं, "पुरणपोळी येते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "करते, पण फुटते." बाबांनी कपाळाला हात लावला. आत्याबाई भावाकडे वळून म्हणाल्या, "ठरलं समज." पुढे कितीतरी वर्षं माझी पोळी फुटायची आणि त्या ती मुकाट्याने खायच्या. वर सांगायच्या, "फुटलीये." म्हणजे बघा. कौतुक करायचं नाही, खोटंही बोलायचं नाही, आणि पानात टाकायचंही नाही.

आता तळ्याची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही बाई कळायची नाही.

मांडूच्या रस्त्याला, नालछ्याच्या अलीकडे, एक तलाव आहे. त्याच्या पाळीवर जुन्या चिंचा आणि बाभळींची रांग होती, निम्म्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या. पावसाळ्यात त्या झाडांवर पाणकावळ्यांची घरटी असत. काळे, लांब मानेचे, बुडी मारून मासा पकडणारे पक्षी. आत्याबाई दर रविवारी बसने तिथे जायच्या, छत्री रोवून बसायच्या आणि घरट्यांकडे बघत राहायच्या. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "भांडणं." आम्ही लग्नाकार्याला रविवार धरला की त्यांचं तोंड उतरायचं. माणसांची माया त्यांना दाखवता येत नसे, पण त्या रांगेतलं कुठलं घरटं वाऱ्याने खचलं हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

त्या तलावात मासेमारांची समिती मासे पाळते. समितीचे अध्यक्ष मोहनभिया. साठी ओलांडलेले, कमी बोलणारे. आत्याबाईंना डोकी पुरवणारे हेच. मागच्या दाराशी येऊन "मॅडम" एवढंच म्हणायचे आणि पिशवी ठेवायचे. तीन-चार वर्षांपूर्वी, श्रावणात, ते पहिल्यांदा पुढच्या दाराने आले. बरोबर त्यांचा पुतण्या. पुतण्या बसलाच नाही, उभ्यानेच सुरू झाला.

"मॅडम, दो साल से बीज डाल रहे हैं. रोहू का, कतला का. इत्ता-इत्ता." त्याने माशाच्या पिल्लाचं माप म्हणून बोटाचं पेर दाखवलं. "और सब जा रहा है इन कव्वों के पेट में. समिति ने तय कर लिया, इतवार को सारे झाड़ साफ."

आत्याबाई हातातली भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "झाड़ों पे बच्चे हैं अभी."

"हमारे भी घर में बच्चे हैं, मॅडम."

दोन वर्षं बीज बुडालं होतं, त्याचं कर्ज समितीतल्या पोरांच्या अंगावर होतं. तो उगाच तडकलेला नव्हता. मोहनभिया खाली बघत म्हणाले, "मैं ये बोला लड़कों को, कि पंछी क्या खाते हैं वो मॅडम से दिखवा लो. मॅडम जो बोलेंगी, पूरी समिति मानेगी."

"मंजूर," पुतण्या म्हणाला. "तिलापिया खाते होंगे तो हम हाथ नहीं लगाएँगे, वो तो कचरा मछली है. पर अपना बीज निकला, तो एक झाड़ नहीं बचेगा."

"बीज निकला," आत्याबाई म्हणाल्या, "तो मैं खुद आके बोलूँगी."

ते गेल्यावर भाजी तशीच राहिली. मी म्हटलं, आत्याबाई, हे काय ओढवून घेतलंत? त्या म्हणाल्या, "मी नाही म्हटलं असतं तर रविवारी झाडं पडलीच असती. आता निदान विचारून पडतील."

पाणकावळा रोज घशातून एक गोळी ओकतो. लाळेत गुंडाळलेले काटे, खवले आणि आत्याबाईंना हवे असलेले खडे. झाडांखाली ह्या गोळ्या पडलेल्या असतात. त्या गोळा करायला मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. मागे त्या, त्यांच्या मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात गोळ्या, आणि मांडूला निघालेले पर्यटक गाडीच्या काचा वर करतायत. वास असा की आजही आठवला तर जेवण जात नाही. वर पिल्लांचा कलकलाट चाललेला. झाडांच्या बुंध्यांना चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या, कुठली कापायची ते कळावं म्हणून. सगळ्याच बुंध्यांवर होत्या. आत्याबाई एकेका बुंध्यापाशी वाकून गोळ्या उचलत होत्या आणि त्या रेघांकडे बघत नव्हत्या.

पडवीत धुणं सुरू झालं. कॉलेजात ह्या कामाला वेगळ्या चाळण्या असत. घरी असं काम त्यांनी कधी केलंच नव्हतं, मोठ्या डोक्यातून खडा काढायला चाळणी लागत नाही. मागे होती ती माझ्या सासूबाईंच्या वेळची रव्याची चाळणी, लाल ठिपक्याची. गोळी चाळणीत ठेवायची, वरून पाणी सोडायचं, बुळबुळ वाहून जायची, उरेल ते कागदावर. खडे निघाले. तांदळाच्या कण्या, खाच असलेल्या. तिलापिया. पुढची गोळी, तिलापिया. पुढची, तिलापिया आणि एक कुठलातरी काटेरी चिल्लर मासा. शुक्रवारपर्यंत रोहूचा एक खडा सापडला नाही. मी इतकी खूश झाले की म्हटलं, आज शिरा करते. आत्याबाई खूश दिसेनात. "आवडतं उत्तर आलं की मला घाम फुटतो," म्हणाल्या.

संध्याकाळी मोहनभिया येऊन दाराशी उभे राहिले. आत्याबाईंनी सांगितलं, आतापर्यंत तरी फक्त तिलापिया आहे, अजून गोळ्या शिल्लक आहेत. मोहनभियांनी मोठा श्वास सोडला. म्हणाले, "बस मॅडम, इतना बहुत है. अब और मत धोओ, तबीयत बिगड़ेगी." आणि गेले. मला वाटलं, भला माणूस, म्हातारीची काळजी करतोय.

शनिवारी दुपारी मी चहा घेऊन मागे गेले तर आत्याबाई भिंग डोळ्याला लावून दगडासारख्या बसल्या होत्या. चहा ठेवला. साय धरली. तरी हलेनात.

"काय झालं?"

"दात आहेत," त्या म्हणाल्या.

मला काही उमजेना. मग त्यांनी समजावलं. रोहू-कतल्याच्या जबड्यात दात नसतात, त्यांचे दात घशात असतात. तसे बारीक दात एका गोळीच्या लाळेत चिकटून राहिले होते. "दात आहेत, मग कान कुठे गेले?" त्यांनी चाळणी उचलून उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोडी खसखस आण."

मी वाटीत खसखस आणली. त्यांनी ती चाळणीत ओतली आणि वरून तांब्याभर पाणी सोडलं. सगळी खसखस खाली मोरीत गेली. चाळणीत एक दाणा राहिला नाही. आम्ही दोघी त्या रिकाम्या चाळणीकडे बघत राहिलो. बोटाच्या पेराएवढ्या पिल्लाच्या कानातला खडा खसखशीएवढाच असणार, हे मलाही न सांगता कळलं. चार दिवस आम्ही मोठे खडे वर ठेवून लहान खडे मोरीत सोडत होतो. इतकी वर्षं पोरांच्या प्रयोगांत चुका काढणारी बाई, आणि आपल्याच उंबऱ्याच्या कायद्याने तिला रव्याच्या चाळणीवर आणून बसवलं होतं. मैद्याची बारीक चाळणी दहा पावलांवर, फडताळात होती.

"श्रीखंडाचं फडकं दे," त्या म्हणाल्या. "परत मिळणार नाही."

उरलेल्या गोळ्या फडक्यातून धुतल्या. त्यावर जे राहिलं ते त्यांनी भिंगाखाली धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. गोल, चपटे, कडेला मुरड. पहिल्याच गोळीत चिमूटभर. दुसरीत तितकेच. रोहू आणि कतला. समितीचं बीज. मला तर रडूच आलं. त्या रडल्या नाहीत. मोरीशी बसून, जाळीखाली साचलेला गाळ खरवडून, त्यातले खडेसुद्धा वेचत बसल्या. कशाला आता, म्हटलं. "किती चुकले ते बघत्ये."

माझा नवरा श्रीकांत कामावरून आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आत्या, मोहनभियांना तू सांगून टाकलंयस तिलापिया म्हणून. तेही खोटं नाही, तिलापिया आहेच. गप्प बस. दुसरं कुणाला हे कळणार आहे?" मीही तेच म्हटलं, आणि मला त्याची लाज नाही. मी आजही म्हणते, गप्प बसल्या असत्या तर आभाळ कोसळलं नसतं. श्रावणात पिल्लांसकट झाड पाडायचं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायला हवं का?

"पिल्लांचं काय, आत्याबाई?" मी अक्षरशः ओरडले.

त्यांनी भिंग पुसून डब्यांशेजारी ठेवलं. मग म्हणाल्या, "पिल्लांनी मला काही विचारलेलं नाही गं. माणसांनी विचारलंय." आणि उठून आंघोळीला गेल्या. जेवल्या नाहीत. मीही नाही.

रविवारी सकाळी आम्ही तिघं तलावावर गेलो. सगळी समिती पाळीवर जमलेली. कुऱ्हाडी होत्या, दोर होते, पण बाजूला ठेवलेले. मोहनभियांनी शुक्रवारीच सगळ्यांना सांगितलं असावं, कारण पोरं वैतागून बिड्या ओढत बसली होती, आणि पुतण्या तोंड फिरवून उभा होता. वरून पिल्लांचा ओरडा इतका, की आत्याबाईंना आवाज चढवावा लागला.

"शुक्रवार को मैंने मोहन को गलत बोला था. मेरी चलनी मोटी थी. छोटे खड़े निकल गए. फिर से देखा." त्यांनी फडक्याची पुरचुंडी पुढे केली. "ये पंछी तुम्हारा बीज खाते हैं. तिलापिया भी खाते हैं, पर बीज भी खाते हैं. बहुत खाते हैं."

पुतण्याने मान वळवली. मी मोहनभियांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं ह्यांना भोवळ येतेय.

"तो फिर," पुतण्या म्हणाला, "काट दें?"

"वो मेरे से मत पूछो." आत्याबाईंनी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "ये खड़ा इतना ही बोलता है कि खाया. काटो, ऐसा नहीं बोलता. वो तुमको बोलना पड़ेगा. अपने मुँह से."

बराच वेळ कुजबूज चालली. हात वर झाले. पोरांचेच हात जास्त होते. मोहनभियांनी एकच गोष्ट अडून मागून घेतली. पिल्लं उडेपर्यंत कुणी कुऱ्हाड लावायची नाही. तेवढं मिळालं.

कार्तिकात झाडं पडली. मी हातापाया पडले, जाऊ नका म्हणून. आत्याबाई गेल्या. छत्री रोवून, पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत बसल्या. घरी आल्या आणि विचारलं, "आज काय केलंयस?" मी म्हटलं, वरणफळं. जेवल्या. त्यानंतर रविवारी घरीच असत. पाहुण्यांना मांडूला न्यायचं झालं, तर गाडीत तलाव दिसणार नाही त्या खिडकीशी बसत. डोकी उकळणं मात्र चालू राहिलं, आणि हिंगाची चौकशीही. पुढच्या वर्षी बीज बरंच जगलं, हे मला नाकारता येत नाही. मोहनभियांनी मोठ्या रोहूचं डोकं आणून दिलं. आत्याबाईंनी ते उकळलं, खडा काढला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "चांगला वाढलाय."

परवाच्या फाल्गुनात आत्याबाई गेल्या. फार आजारी नव्हत्या. तेराव्यानंतर सगळे नातेवाईक पांगले, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि मी मागच्या पडवीत नुसतीच बसले होते. मागच्या दाराशी "भाभीजी" अशी हाक आली. मोहनभिया. हातात पिशवी नव्हती. मी पाट दिला, ते जमिनीवरच बसले. हिंगाच्या डब्यांच्या रांगेकडे बघत राहिले.

"एक बात मॅडम को बोलनी थी," ते म्हणाले. "तीन साल से बोलनी थी. हिम्मत नहीं हुई."

मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"भाभीजी, हमको पता था. तलाव पे जनम गया मेरा. पंछी बीज उठाता है, ये मैं रोज देखता था. उसके लिए खड़ा धोना पड़ता है क्या?" ते थांबले. "मैं झाड़ काटना नहीं चाहता था. बच्चे वाले झाड़ पे कुल्हाड़ी, हमारे यहाँ कोई नहीं चलाता. पर लड़के मेरी सुनते नहीं थे. मैंने सोचा, मॅडम पढ़ी-लिखी हैं, पंछियों पे जान देती हैं. बोल देंगी कि नहीं खाते. लड़के चुप हो जाएँगे. इसलिए आया था मैं उनके पास."

आधी संताप आला. ह्यांच्यावर, पोरांवर, त्या फडक्यावर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त आत्याबाईंवर. एवढं एक खोटं सगळं गाव मागत होतं त्या बाईकडे. घरात आम्ही मागत होतो, आणि पाळीवर हा माणूस मनातल्या मनात हात जोडून उभा होता. आणि ती पुरचुंडी पुढे करून खरं सांगत होती. मग रडू आलं, आणि ह्या वेळी ते थांबेना. मोहनभिया तसेच बसून राहिले.

"भिया," मी शेवटी म्हटलं, "आप उनको पहले बता देते, तो भी वो यही बोलतीं."

मोहनभियांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

"वोई तो," ते म्हणाले.